एका तपासणीचा हिशेब
(संस्थेच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



प्रतिवर्षी या व्यासपीठावरून आम्ही खाटांची संख्या, शस्त्रक्रियांची आकडेवारी आणि जमाखर्चाचा गोषवारा आपणांपुढे ठेवतो. यंदाही तो अहवालाच्या पुढील पानांत सविस्तर दिलेला आहे. आज मात्र त्या जमाखर्चातील एकाच ओळीविषयी बोलण्याची अनुज्ञा असावी. गतवर्षीच्या मेळाव्यात एका ज्येष्ठ देणगीदारांनी ‘बाह्य तपासण्या व नमुना वाहतूक’ या शीर्षावर बोट ठेवून विचारले होते, “थोडेसे रक्त मुंबईला पाठवायचे, तर त्याला इतका खर्च कशाला? त्यापेक्षा ते यंत्रच आपण का घेत नाही? हवे तर त्याची देणगी मी देतो.” प्रश्न रास्त होता आणि त्यामागील औदार्यही मोठे होते. त्या वेळी आम्ही दिलेले उत्तर आमचे आम्हालाच अपुरे वाटले. ते आज पूर्ण करावयाचे आहे.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. त्यामुळे पुढे जे शास्त्र सांगू, ते आमच्या बालरोगतज्ज्ञांकडून आणि प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांकडून समजून घेतलेले आहे. हिशेब मात्र आमचा आहे, आणि त्यात एक चूकही आमची आहे. तीही आज सांगणार आहोत.

आमच्या बालरोग विभागात सुमारे अडीच वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. कुटुंबाची ओळख उघड होऊ नये म्हणून तपशील मोजकेच सांगतो. घर शेतकऱ्याचे. जन्मल्यावर बीसीजीची लस दिली, त्यानंतर काही आठवड्यांनी डाव्या काखेत गाठ आली. ती पिकली, फुटली आणि कित्येक महिने वाहत राहिली. वर्षाचा होण्यापूर्वी न्यूमोनिया, पुढे मानेत गळू, आणि आमच्याकडे आला तेव्हा यकृतात पू झालेला. प्रत्येक वेळी औषधांनी उतार पडे आणि काही आठवड्यांत दुसरीकडे दुखणे उभे राही. तोवर तीन दवाखाने झाले होते, क्षयाची औषधे झाली होती, नजर काढून झाली होती आणि घरचा एक बैल विकून झाला होता.

चमत्कारिक गोष्ट अशी की, त्याच्या रक्तातील पांढऱ्या पेशी कमी नव्हत्या, उलट वाढलेल्या होत्या. आमच्या भाषेत सांगायचे तर हजेरीपटावर सगळे हजर होते. मग काम का होत नव्हते? आमच्या बालरोगतज्ज्ञांना नेमका हाच प्रश्न पडला. पेशी मोजून याचे उत्तर मिळणार नव्हते. जिवंत पेशी तिचे काम करते की नाही, हेच पाहावे लागणार होते.

हे काम कोणते? जंतू शरीरात शिरला की न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी त्याला गिळतात. परंतु गिळणे म्हणजे मारणे नव्हे. गिळल्यानंतर पेशी एकाएकी मोठ्या प्रमाणावर प्राणवायू ओढून घेते. तिच्या आवरणावरील एक विकर त्या प्राणवायूला एक इलेक्ट्रॉन देऊन त्याचे ‘सुपरऑक्साइड’ करते. त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि आणखी तिखट द्रव्ये बनतात. या सर्वांना मिळून ‘क्रियाशील ऑक्सिजन द्रव्ये’ म्हणतात. जंतूंचा नाश होण्यासाठी ही द्रव्ये निर्माण व्हावी लागतात.

येथे उपस्थित कुटुंबीयांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. या द्रव्यांचे नाव आपण बहुधा जाहिरातीत ऐकलेले असते आणि तेही शत्रू म्हणून. त्यांचा नाश करणाऱ्या भुकट्या व गोळ्या महागड्या डब्यांतून विकल्या जातात. ही द्रव्ये अस्थानी आणि अतिरिक्त झाली तर पेशींना इजा करतात, हे खरेच आहे. परंतु योग्य जागी आणि योग्य वेळी तीच आपली राखण करतात. चुलीतला विस्तव घर जाळू शकतो म्हणून कोणी चूल कायमची विझवीत नाही. आमच्या या बालरुग्णाच्या पेशींत ही चूल जन्मतःच पेटत नसावी, अशी डॉक्टरांना शंका होती.

या आजाराची ओळख पटावयास वैद्यकशास्त्रालाही वेळ लागला. १९५० च्या दशकात अमेरिकेत अशा मुलांची वर्णने प्रसिद्ध झाली. मिनेसोटा विद्यापीठातील डॉ. रॉबर्ट गुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकातच ‘प्राणघातक’ हा शब्द होता, कारण ती मुले फार काळ जगत नसत. १९६७ मध्ये त्याच विद्यापीठातील डॉ. पॉल क्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, या मुलांच्या पेशी जंतू गिळतात, पण मारू शकत नाहीत. पाठोपाठ डॉ. बेनर व डॉ. नेथन यांची रंगतपासणी आली. तिच्यात निरोगी पेशी एका पिवळ्या रसायनाचा निळा-काळा रंग करीत, आजारी पेशी करीत नसत. तंत्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी पाहून निळ्या किती आणि कोऱ्या किती हे मोजायचे. तपासणी चांगली होती, पण मोजणाऱ्याच्या डोळ्यावर अवलंबून होती.

आज तिच्या जागी प्रकाशाची तपासणी केली जाते. ती समजण्यासाठी आपण आमच्या रोखपालांच्या टेबलाशी येऊ. तेथे नोटा तपासण्याचा जांभळ्या प्रकाशाचा छोटा दिवा आहे. त्याखाली खरी नोट धरली की तिच्या क्रमांकाची पट्टी आणि कागदातील बारीक तंतू उजळतात. एक प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा प्रकाश देण्याच्या या गुणधर्माला प्रतिदीप्ती म्हणतात. या तपासणीत वापरले जाणारे ‘डायहायड्रोऱ्होडामाइन’ हे द्रव्य मुळात उजळतच नाही. ते जिवंत पेशीत सहज शिरते आणि स्वस्थ बसून राहते. मग पेशींना चेतविणारे रसायन दिले जाते. पेशी निरोगी असेल तर ती क्रियाशील ऑक्सिजन द्रव्ये तयार करते, त्यांच्यामुळे या द्रव्याचे ऱ्होडामाइन बनते, आणि ऱ्होडामाइन निळ्या लेझरखाली हिरवे उजळते. फ्लो सायटोमीटर नावाचे यंत्र हजारो पेशींना एका ओळीत लेझरसमोरून नेते आणि प्रत्येकीचा उजेड वेगळा नोंदविते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतील संशोधकांनी ही पद्धत रुळविली, आणि आता या आजाराच्या निदानासाठी जगभर प्रथम तीच वापरतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था मुंबईत परळला, केईएम रुग्णालयाच्या आवारात आहे. तेथे आणि चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत जन्मजात प्रतिकारदोषांवर बरीच वर्षे काम चालू आहे.

आता आमची चूक. बालरोगतज्ज्ञांनी तपासणी सांगितली तो शुक्रवार होता. मुलाचे रक्त दुपारी काढले. सर्व नमुने शीतकपाटात ठेवण्याची आमची रीत, त्याप्रमाणे हाही ठेवला. कुरियरची गाडी शनिवारी निघाली आणि नमुना मुंबईच्या प्रयोगशाळेत सोमवारी पोहोचला. प्रयोगशाळेने तो तपासला नाही. दूरध्वनीवरून सौम्य शब्दांत त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. या पेशी जिवंत हव्यात, म्हणून नमुना लवकरात लवकर, शक्यतो २४ तासांत आणि फार तर ४८ तासांत पोहोचला पाहिजे. तो थंड करावयाचा नाही, खोलीच्या तापमानास ठेवावयाचा. आणि त्याच्यासोबत, त्याच वेळी काढलेला, नात्यात नसलेल्या निरोगी माणसाचा नमुना हवा. तो आम्ही पाठविलाच नव्हता.

हा निरोप मुलाच्या वडिलांना देण्याचे काम आमच्याकडे आले. त्यांनी ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “साहेब, म्हणजे पोराला पुन्हा टोचायचं?” आमच्याकडे याला ‘होय’ याखेरीज उत्तर नव्हते. रक्त काढताना त्या मुलाला धरून ठेवणे किती अवघड जाते, हे त्यांनी वर्षभर पाहिले होते. त्या नमुन्याचे कुरियरचे पैसे आमच्या वह्यांत खर्ची पडलेले आहेत. मुलाच्या त्या वाया गेलेल्या रक्ताची नोंद करावयास आमच्याकडे कोणतेही शीर्ष नाही.

निरोगी माणसाचा नमुना कशाला, असा प्रश्न आम्हालाही पडला होता. त्याचे उत्तर असे. मुलाच्या पेशी उजळल्या नाहीत, तर त्याची कारणे अनेक असू शकतात. आजार असेल, किंवा पेशी वाटेत मेल्या असतील, किंवा उन्हाने तापल्या असतील, किंवा रसायन जुने झाले असेल. शेजारी निरोगी माणसाची नळी असेल, ती त्याच डब्यातून, त्याच उन्हातून गेली असेल आणि तिच्यातील पेशी नीट उजळल्या असतील, तरच मुलाच्या पेशींतील अंधाराला अर्थ येतो. हिशेबनीस म्हणून आम्हाला हे तत्काळ पटले. एका बाजूची नोंद कितीही ठळक असली, तरी तिच्यासमोर ताडून पाहण्याजोगी दुसरी नोंद नसेल, तर लेखापरीक्षक तिच्यावर सही करीत नाही.

आणखी एक गोष्ट शिकलो. उजळते ते सर्व खरे, असेही नाही. नोटांच्या दिव्याखाली साधा पांढरा कागद सबंधच्या सबंध निळसर चमकतो, तर अस्सल नोटेचा कागद मंद राहतो. तेथे नुसती चमक ही संशयाची खूण ठरते. या रंगद्रव्यांचेही तसेच आहे. डायहायड्रोऱ्होडामाइन पेरॉक्साइडची मोजदाद थेट करीत नाही, त्याला पेशीतील दुसऱ्या एका विकराची मदत लागते. ते दुसरे विकर ज्यांच्यात जन्मतः कमी असते, अशांच्या पेशीही कमी उजळतात. त्यांचा दोष मात्र बहुधा सौम्य असतो. तोच मंद उजेड पाहून त्यांना गंभीर आजाराचा शिक्का बसू शकतो. संशोधनात सर्रास वापरले जाणारे ‘डायक्लोरोफ्लुओरेसिन’ जातीचे द्रव्य तर लोहामुळे, इतर विकरांमुळे, अगदी ज्या प्रकाशाने ते पाहावयाचे त्या प्रकाशामुळेही उजळू शकते. म्हणूनच २०२२ मध्ये या क्षेत्रातील अनेक शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. कोणत्या द्रव्याने नेमके काय मोजले ते स्पष्ट सांगावे आणि एकाच उजेडावर विसंबून निष्कर्ष काढू नये, हा त्यांचा आग्रह आहे.

दुसऱ्या वेळी आम्ही मंगळवारी सकाळी रक्त काढले. प्रयोगशाळेला आधी कळविले. मुलाची व आईची, अशा दोन नळ्या भरल्या. तिसरी नळी आमच्या रुग्णवाहिकेच्या चालकांची. त्यांनी आपण होऊन बाही वर केली आणि तोच डबा घेऊन रात्रीच्या गाडीने स्वतःच मुंबईला गेले.

अहवालावरील आलेख आमच्या बालरोगतज्ज्ञांनी आई-वडिलांना दाखविला, तेव्हा आम्ही तेथे होतो. चालकांच्या पेशींचा उंचवटा चेतविल्यानंतर उजवीकडे, उजेडाच्या बाजूला दूर सरकला होता. मुलाच्या पेशींचा उंचवटा जागचा हललाही नव्हता. आईच्या आलेखात दोन उंचवटे होते, एक उजळ आणि एक अंधारा. या आजाराचे एक मुख्य जनुक एक्स गुणसूत्रावर असते. स्त्रीच्या पेशींत दोन एक्स असतात आणि प्रत्येक पेशी त्यांपैकी एकच वापरते. म्हणून वाहक स्त्रीच्या पेशींचे असे दोन गट पडतात. पुढील जनुकीय तपासणीने हे निदान पक्के झाले. त्या वेळी आईच्या डोळ्यांत पाणी आले आणि ती म्हणाली, “म्हणजे माझ्यामुळे?” बालरोगतज्ज्ञ म्हणाल्या, “नाही ताई. हे कोणाच्या हातातलं नसतं. आणि आता कळलंय, म्हणून काहीतरी करता येईल.”

हे ‘काहीतरी’ काय, तेही ऐकावे. मुलाला रोज को-ट्रायमॉक्साझोल हे प्रतिजैविक आणि बुरशीसाठी इट्राकोनाझोल सुरू झाले. दुसऱ्या औषधाने या रुग्णांतील बुरशीचे संसर्ग कमी होतात, हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले आहे. कुजलेला पाला, शेणखत आणि भिजका कडबा यांतील बुरशी निरोगी माणसास सहसा बाधत नाही, पण अशा मुलाला काही दिवसांत अत्यवस्थ करू शकते. वडिलांनी दाराजवळचा उकिरडा शेताच्या पलीकडच्या बांधाला हलविला. जे तीन दवाखान्यांच्या औषधांनी साधले नव्हते, त्यातील थोडे या एका फावड्याने साधले असावे, असे आम्हाला वाटते.

आई त्या वेळी गरोदर होती. मुलगा झाला तर त्याला हा दोष असण्याची शक्यता निम्मी होती. बीसीजी ही जिवंत जंतूंची लस आहे आणि या आजाराच्या बाळाला ती देऊ नये. म्हणून जन्म आमच्याकडे झाला तेव्हा ती लस थांबवून ठेवली, आणि बाळाचा नमुना त्याच रीतीने, शेजारच्या नळीसह रवाना केला. मुलगाच झाला होता. त्याच्या पेशी उजळल्या. अहवाल आला त्या दिवशी त्याला लस टोचली.

सर्व काही गोड झाले, असे मात्र आम्ही सांगणार नाही. या आजारावरचा स्थायी उपाय म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळपेशींचे रोपण. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारात एक असते, आणि येथे ती झाली नाही. बाहेरील दात्याचा शोध चालू आहे. केंद्र शासनाच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात या आजारासाठीचे रोपण पहिल्या गटात धरलेले आहे, २०२२ मध्ये साहाय्याची मर्यादा ५० लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली आहे, आणि मुंबईचे केईएम रुग्णालय त्या धोरणातील उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. कुटुंबाची कागदपत्रे आमचा समाजसेवा विभाग तयार करून देत आहे. मुलगा सध्या बालवाडीत जातो. रोजची औषधे चालू आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. यंत्र का घेत नाही? पाश्चात्त्य देशांतील नोंदींप्रमाणे हा आजार सुमारे दोन ते अडीच लाख जन्मांमागे एकाला होतो. आमच्यासारख्या रुग्णालयाला अशी तपासणी वर्षातून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळाच लागते. लाखो रुपयांचे यंत्र, त्याची रोजची जुळवणी, ताजी रसायने, आणि मंद उजेडाचा खरा अर्थ ओळखणारा सरावाचा तंत्रज्ञ, हे सारे इतक्या थोड्या तपासण्यांवर टिकत नाही. सराव नसलेल्या हातांनी चालविलेले यंत्र बंद पडलेल्या यंत्राहून अधिक घातक, कारण ते चुकीचे उत्तर छापून देते. जेथे अशी यंत्रे आहेत आणि ती रोज चालतात, तेथवर जिवंत पेशी जिवंत पोहोचविणे, हे आमचे काम आहे.

म्हणून विश्वस्त मंडळाच्या संमतीने, त्या ज्येष्ठ देणगीदारांच्या उदार देणगीतून, आम्ही यंत्राऐवजी ‘नमुना निधी’ सुरू केला आहे. त्यातून योग्य नळ्या, उष्णतारोधक डबे, सोबत जाणाऱ्या माणसाचे भाडे, तपासणीशुल्क आणि कुटुंबाच्या मुंबईतील मुक्कामाचा खर्च भागतो. असे नमुने सोमवार ते बुधवार सकाळीच काढावयाचे आणि प्रयोगशाळेला आधी कळवावयाचे, हा नियम भिंतीवर लावला आहे. शेजारच्या नळीसाठी रक्त देण्यास तयार असलेल्या निरोगी कर्मचाऱ्यांची यादीही केली आहे. तिच्यात पहिले नाव रुग्णवाहिकेच्या चालकांचे आहे, दुसरे आमच्या रोखपालांचे.

रुग्णांच्या आप्तांना एकच विनंती. मुलाला वारंवार गळवे होत असतील, बीसीजीची गाठ महिनोन्‌महिने वाहत असेल, घरात पूर्वी एखादा मुलगा लहानपणी तापाने दगावला असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. जुने कागद आणि लसीकरणाचे कार्ड फेकून देऊ नका. आमच्या बालरोगतज्ज्ञांना पहिला संशय आला तो काखेतील गाठीच्या एका जुन्या चिठ्ठीवरून. ती चिठ्ठी त्या मुलाच्या आजीने लुगड्याच्या घडीत जपून ठेवली होती.

देणगीदारांना आमचे निवेदन असे की, आपण दिलेल्या पैशांपैकी काही भागावर कोनशिला बसत नाही. तो गाडीभाड्यात जातो, डब्यात जातो, निरोगी माणसाच्या नळीत जातो. परंतु त्या नळीवाचून मुलाच्या पेशींतील अंधार वाचता आला नसता. तो खर्च आम्ही यापुढेही करू, आणि तो कोठे गेला हे दरवर्षी आपणांस याच व्यासपीठावरून सांगू.